तहकूब ठेवलेला विषय

मोरेश्वर चौबळ यांनी न्यू जर्सी राज्याच्या वाहतूक खात्यात एकतीस वर्षे पुलांची तपासणी केली. पुलाखाली शिडी लावून चढायचे, हातोडीने काँक्रीट ठोकून पाहायचे, संशय येईल तिथे खडूने वर्तुळ काढायचे आणि त्याची नोंद करायची, हे त्यांचे काम. त्यांच्या नोंदी इतक्या स्वच्छ असत की निवृत्तीनंतरही खात्यातले तरुण अभियंते त्या नमुना म्हणून वापरत. जे लिहून ठेवले ते हरवत नाही आणि जे क्रमाने हाताळले ते बिघडत नाही, या दोन गोष्टींवर त्यांची आयुष्यभर श्रद्धा होती. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ती श्रद्धा त्यांना सोडून गेली.

त्यासाठी डॉक्टरांविषयी आधी सांगायला हवे. डॉ. चारुदत्त गुप्ते हे भूलतज्ज्ञ. १९७९ साली पिस्कॅटवेमध्ये या दोघांची बिऱ्हाडे एकाच इमारतीत, समोरासमोर होती. त्या हिवाळ्यात इमारतीचा बॉयलर बिघडला आणि दोन दिवस कुणी दुरुस्तीला आले नाही. डॉक्टरांच्या इस्पितळातील एका परिचारिकेने त्यांना जवळच्या राज्य विद्यापीठाच्या बास्केटबॉल सामन्याची दोन तिकिटे देऊ केली होती. "चल मोरेश्वर, तिथे निदान ऊब तरी असेल," असे म्हणून डॉक्टरांनी त्यांना ओढून नेले. दोघांनाही खेळाचा एक नियम ठाऊक नव्हता. ऊब मिळाली, आणि पुढची शेहेचाळीस वर्षे त्या दोघांनी घरच्या मैदानावरचा सामना सहसा चुकवला नाही.

निवृत्तीनंतर सामन्याची चर्चा दिवस दिवस चालू लागली. फोनवर, वाण्याच्या दुकानात, देवळाच्या आवारात. मोरेश्वररावांना तो विस्कळीतपणा सोसेना. ते अकरा वर्षे मराठी मंडळाचे कार्यवाह होते. सभा कशी चालवायची हे त्यांना अवगत होते. त्यांनी गावच्या सार्वजनिक वाचनालयातील छोटी खोली दर सोमवारी दहा ते अकरा अशी राखून घेतली आणि चर्चेला विषयपत्रिका दिली. प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा विषय झालेल्या सामन्याचा परामर्श. तिसरा पॉइंट गार्ड. चौथा संघाचे भवितव्य. आणि पाचवा, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. पाचव्या विषयासाठी सभेपूर्वी चिठ्ठी द्यावी, असा नियम होता. पॉइंट गार्डला स्वतंत्र स्थान द्यावे लागले, कारण चेंडू पुढे आणणारा आणि डाव मांडणारा हा एक खेळाडू सोडला तर या मंडळींचे इतर कशावरही फारसे मतभेद नव्हते.

डॉक्टर कायमचे अध्यक्ष, मोरेश्वरराव कार्यवाह. तिसरे सभासद मनोहरपंत करंदीकर, एका औषध कारखान्यातून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ. संघ हरणारच, हे त्यांचे शास्त्रीय मत. चौथा ऋषी, नागपूरचा, बेचाळीस वर्षांचा. तो घरून संगणकाचे काम करी आणि सोमवारी दहा वाजता एका कानात ऑफिसची मीटिंग घालून सभेला बसे.

या हंगामात वाद दोन पोरांचा होता. टेरेन्स व्हिटली हा शेवटच्या वर्षाचा, शांत, हातून चेंडू न सोडणारा. डेव्हॉन पिकेट हा पहिल्या वर्षाचा, वाऱ्यासारखा, आणि वाऱ्यासारखाच बेभरवशाचा. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी संघ दोन गुणांनी हरला. शेवटची नऊ सेकंदे उरलेली असताना पिकेटच्या हातून चेंडू गेला होता.

"पिकेटला खाली बसवा," सोमवारी तिसरा विषय पुकारून मोरेश्वररावांनी सुरुवात केली. "पाच असिस्ट, सहा टर्नओव्हर. दुसऱ्याला चेंडू देण्यापेक्षा जो जास्त वेळा घालवतो, त्याच्या हातात शेवटची नऊ सेकंदं?"

"आणि तुझ्या व्हिटलीच्या हातात दिली असती तर?" डॉक्टर म्हणाले. "चेंडू गेला नसता. फक्त सामना गेला असता. अगदी व्यवस्थित, आकडेवारीसकट."

"क्या बात है, काका!" ऋषीने टेबलावर थाप मारली आणि लगेच कानातल्या मीटिंगला इंग्रजीत सॉरी म्हटले.

"उगाच भांडता तुम्ही," मनोहरपंत म्हणाले. "मार्च संपला की व्हिटली शिक्षण संपवून जाणार आणि पिकेट संघ बदलायच्या पोर्टलमध्ये नाव घालून जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठात जाणार. मी हल्ली खेळाडूंची नावं पाठच करत नाही. पाठीवरचा नंबर पुरे."

"वहिनींनाही नंबरनंच हाक मारता का हो?" डॉक्टरांनी विचारले.

"अजून पोर्टलमध्ये गेलेली नाही ती. गेली की बघू."

हशा ओसरल्यावर डॉक्टर पुढे झुकले. "हे बघ मोरेश्वर. हातात तीस सेकंद, समोर पाच जण अंगावर येणारे, पंधरा हजार लोक ओरडतायत. अशा वेळी जो भितो तो मागे पास देतो. तुझा व्हिटली जन्मभर मागे पास देत आलाय. पॉइंट गार्डला भीती नसावी. बाकी सगळं शिकवता येतं."

"भीती नसणं आणि अक्कल नसणं यांत फरक आहे, चारू."

"तो निकाल लागल्यावर कळतो."

मोरेश्वररावांनी हे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले. मग घड्याळ पाहिले तेव्हा अकराला दोन मिनिटे कमी होती आणि दाराशी विणकाम मंडळाच्या अमेरिकन बाया लोकरीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. पाचव्या विषयाची एकच चिठ्ठी होती, डॉक्टरांची. तीवर लिहिले होते : 'खाजगी. सल्ला हवा आहे.'

"चारू, दोन मिनिटांत होण्यासारखं आहे का?"

"नाही रे. दोन मिनिटांत नाही व्हायचं."

"मग तहकूब ठेवू?"

"ठेव. पण पुढच्या सोमवारी पहिला घे."

"पहिला कसा घेता येईल? पाचवा आहे तो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि ते हसले. "बरं बाबा, पाचवा."

मोरेश्वररावांनी लिहिले : 'डॉ. गुप्ते यांचा विषय वेळेअभावी पुढील सभेपर्यंत तहकूब.' त्यांची पत्नी शोभना हिच्या गुडघ्याचे व्यायाम अकराला संपत आणि सव्वा अकराला तिला आणायचे असे, म्हणून ते तडक निघाले. वाटेत डॉक्टरांना फोन करावा असे त्यांच्या मनात आले नाही. विषय वहीत नोंदलेला होता. नोंदलेली गोष्ट त्यांच्या हिशेबी अर्धी पार पडलेली असे.

दुसऱ्या सोमवारी डॉक्टरांचा दिवस होता. पिकेटने बावीस गुण केले होते आणि संघ जिंकला होता. डॉक्टरांनी मोरेश्वररावांकडून 'कार्यवाहांनी आपले मत बदलण्याचा विचार करावा' असा ठराव लिहून घेतला, मनोहरपंतांनी अनुमोदन दिले, आणि ठरावाच्या शब्दयोजनेवरच अकरा वाजले. चिठ्ठी होती : 'मागीलप्रमाणे.' तहकूब. तिसऱ्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असल्याने वाचनालय बंद होते. चौथ्या सोमवारी ऋषीने लॅपटॉप आणला. उरलेल्या सामन्यांपैकी किती जिंकले तर मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत निवड होईल, याचे गणित त्याने रंगीत चौकटींत मांडले होते, आणि चौथ्या विषयाने चाळीस मिनिटे घेतली. डॉक्टर त्या दिवशी गप्प होते. पिकेटवर मनोहरपंत घसरले तरी त्यांनी बाजू घेतली नाही. मोरेश्वररावांच्या ते लक्षात आले. इतके लक्षात आले की त्यांनी लिहिले, 'अध्यक्षांनी आज चर्चेत विशेष भाग घेतला नाही.' अकराला तीन मिनिटे असताना त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी मान हलवून "राहू दे" म्हटले. तहकूब.

त्या गुरुवारी सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी जाताना डॉक्टर कोसळले. रुग्णवाहिका येण्यापूर्वीच सारे संपले.

अंत्यविधीच्या वेळी, बूट काढून ठेवण्याच्या खोलीत, मनोहरपंतांनी ऐकलेली हकिकत मोरेश्वररावांना सांगितली. पोटातली मुख्य धमनी फुग्यासारखी फुगली होती. डिसेंबरातच कळले होते. शस्त्रक्रिया केल्यास बरीच आशा आहे, वाट पाहणे धोक्याचे, असे शल्यविशारदाने स्पष्ट बजावले होते. डॉक्टरांनी नकार दिला. मोरेश्वरराव तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसले ते ऋषी हाताला धरून उठवीपर्यंत उठले नाहीत. त्या चिठ्ठीतला सल्ला कशाबद्दल हवा होता ते त्यांना समजले होते.

पुढचे तीन आठवडे त्यांनी एकच गोष्ट मनाशी घोळवली : डॉक्टरांच्या पत्नीला, सुहासिनीवहिनींना, हे सांगायचे. चारूने तीनदा आपल्याकडे सल्ला मागितला आणि तीनदा आपण तो तहकूब ठेवला, हे त्यांच्यापासून लपवून त्या घरात पाऊल टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. ते दोनदा गाडी काढून अर्ध्या वाटेवरून परतले. अखेर एका सोमवारी सकाळी वहिनींचाच फोन आला. "भावजी, अकरा-साडेअकराला येता का? थोडं बोलायचं आहे." मोरेश्वररावांनी वही कोटाच्या आतल्या खिशात घातली.

घरात फुलांचा वास अजून होता. वहिनींनी कॉफी केली होती. त्या समोर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आभार मानायला बोलावलं तुम्हाला. त्या दिवशी सगळ्या माणसांत राहून गेलं."

"आभार? कसले?"

"तुम्ही त्यांना सल्ला दिलात, त्याचे."

मोरेश्वररावांनी उचललेला कप तसाच खाली ठेवला.

"डिसेंबरभर मी मागे लागले होते," वहिनी सांगू लागल्या. "ऑपरेशन करून घ्या, करून घ्या. नेत्रा अ‍ॅशबर्नहून रोज फोन करून रडायची, बाबांना समजाव म्हणून. ऐकेनात. म्हणायचे, मी जन्मभर लोकांना झोपवलंय, त्यातले किती उठले नाहीत ते मला विचार. शेवटी, जाण्याआधीच्या त्या सोमवारी, तुमच्या सभेहून आले आणि म्हणाले, सुहास, आता हा विषय बंद. मोरेश्वरशी सविस्तर बोललो. त्यालाही हेच वाटतं, या वयात पोट उघडण्यात अर्थ नाही. मग मी गप्प बसले. म्हटलं, आपण घाबरून बोलत असू. भावजी घाबरून बोलणारे नाहीत. त्यांनी सगळ्या बाजू मांडून, तोलूनमापून सांगितलं असणार." त्या थांबल्या. "आता कधीकधी वाटतं, मी आणखी जोर करायला हवा होता. तसं वाटलं की तुमची आठवण काढते. मग धीर येतो."

काही न बोलता कॉफी पिऊन उठणे शक्य होते. कुणी त्यांना खोटे पाडणार नव्हते. ज्याला खरे माहीत होते तो गेला होता. पण ऐंशी वर्षांत त्यांनी स्वतः न दिलेल्या मतावर कधी सही केली नव्हती.

"वहिनी, तो माझ्याशी बोलला नाही."

"म्हणजे?"

"बोलायचं होतं त्याला. मी बोलू दिलं नाही." त्यांनी वही काढली, तीन पाने उघडून दाखवली. वहिनींनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचले. मध्येच पिकेटचे नाव आले, तिथे बोट जरा रेंगाळले. तिन्ही पाने वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"खोटं बोलला असतात तरी चाललं असतं, भावजी."

"मला ते..."

"ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर तुमचं नाव घेतलं. मनोहरपंतांचं घेतलं असतं तर मी फोन करून पडताळून पाहिलं असतं."

वहिनींनी चष्म्याच्या काड्या मिटल्या आणि विचारले, "बोलले असते तर काय सांगितलं असतंत?"

हा प्रश्न मोरेश्वररावांनी तीन आठवडे स्वतःला विचारला होता आणि उत्तराविषयी त्यांना शंका नव्हती. तरी ते ओठांवर आणायला त्यांना फार कष्ट पडले.

"करून घे म्हटलं असतं. नाही म्हणाला असता तर हाताला धरून नेलं असतं."

"मीही तेच म्हणत होते," सुहासिनीवहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरे झाले असते असे मोरेश्वररावांना वाटले. "दोघांनी मिळून धरलं असतं तर आले असते का हो?"

दर सोमवारी न भिणाऱ्या पोराची बाजू घेऊन भांडणारा माणूस स्वतः इतका भ्यालेला असेल, हे शेहेचाळीस वर्षे शेजारी बसून मोरेश्वररावांना दिसले नव्हते. "राहू दे" म्हणताना चारूच्या चेहऱ्यावर निराशा होती की सुटका, हे आठवायचा ते प्रयत्न करीत होते. त्यांना त्याचा चेहराच आठवत नव्हता. त्या वेळी ते वहीत लिहीत होते.

"तीन आठवडे निदान झोप लागत होती मला," वहिनी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"चुकलं माझं, वहिनी. तेव्हाही, आणि आता सांगितलं तेही."

"नाही. सांगितलंत ते..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

बारा वाजता फोन वाजला. नेत्राची जेवणाची सुट्टी. ती रोज याच वेळी फोन करी. वहिनींना ऐकायला कमी येत असल्याने त्या फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावत.

"आई, जेवलीस? डोन्ट टेल मी नुसती कॉफी."

"भावजी आलेत," वहिनी म्हणाल्या.

"मोरेश्वर काका? ओह, थँक गॉड. काका, मी तुम्हाला कॉल करणारच होते." तिचा आवाज एकदम लहान झाला. "आय वॉज सो अँग्री विथ बाबा. म्हणजे, ही वॉज अ डॉक्टर! त्यांना सगळं माहीत होतं. मग आई म्हणाली की ते तुमच्याशी बोलले होते, प्रॉपरली बोलले होते. तेव्हापासून जरा बरं वाटतंय. ॲट लीस्ट ही वॉजन्ट अलोन विथ इट." तिने नाक पुसल्याचा आवाज आला. "काका, एक विचारू? ते घाबरले होते का? तुम्हाला काय म्हणाले ते?"

मोरेश्वररावांनी समोर पाहिले. वहिनींनी खूण केली नाही. होकाराची नाही, नकाराचीही नाही. त्यांनी फक्त उघडी वही मिटली आणि तीवर हात ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"काका? आर यू देअर?"

"आहे, बाळा." त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली. "नाही, घाबरला नव्हता तो. सगळा विचार करून ठरवलं होतं त्यानं. शांत होता."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी कसला काय म्हणणार? तो बोलत होता." त्यांचा आवाज त्यांना परका वाटला. "मी फक्त ऐकून घेतलं."

पलीकडे नेत्रा रडत होती. "दॅट्स ऑल ही नीडेड, काका," ती म्हणाली. "थँक यू."

वहिनींनी फोन उचलून जवळ घेतला आणि लेकीला विचारले, ती स्वतः जेवली का, आणि डब्यात काय नेले होते.